अकरा जणांचा होकार

तोंडवली, २४ नोव्हेंबर २००९, मंगळवार

पोचलो एकदाचा! मालवणहून रिक्षा केली आणि शेवटचा तुकडा सुरूच्या बनातून, बॅग खांद्यावर टाकून चालत आलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. पुण्यात सहा महिने खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी बघत बसलेल्या माणसाला आणखी काय हवं?

नवी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर ठसठशीत नाव घातलं: सुशांत वामन रहाळकर, पुणे. हौसच म्हणायची. बावीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण छापलेलं नाव एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे वाचकांच्या पत्रांचं सदर होतं. पत्रं कमी पडली की मीच लिहायचो. कधी 'एक त्रस्त नागरिक' व्हायचो, कधी 'एका सैनिकाची आई'. मे महिन्यात पेपर बंद पडला आणि त्रस्त नागरिक घरी बसले.

नोकरी गुरुदासशेटनी दिली. त्यांचं 'शिंपला' नावाचं सहा खोल्यांचं नवं रिसॉर्ट आहे. सहलीला जाणाऱ्यांचं एक मराठी संकेतस्थळ आहे, तिथे लोक राहून आलेल्या जागांबद्दल मत देतात. शिंपल्याबद्दल तिथे कुणी काही लिहीत नाही, कारण कुणी आलेलंच नाही. ते मी लिहायचं. शेटनी हे अगदी सरळपणे सांगितलं, मला त्याचं बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरा माणसं तयार केली. प्रत्येकाला गाव, धंदा, बोलण्याची ढब दिली. त्यांतले मुख्य म्हणजे सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक वसंत बेलसरे. कशालाच पटकन चांगलं न म्हणणारे, बिनसाखरेचा चहा पिणारे. असा माणूस 'व्यवस्था उत्तम' म्हणाला की लोकांना पटतं. बाकीच्या दहांनी फक्त खाली 'सहमत' म्हणायचं.

बेलसरे सरांना झोपताना गुडघ्याखाली दुसरी उशी लागते. हे मी संकेतस्थळावर लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पण माणूस उभा करायचा तर एखादी गोष्ट आपल्यापुरती ठेवावी लागते, हा माझा जुना अनुभव आहे.

आज दुपारी चार फोन आले. शेट खूष आहेत. मला मात्र थकवा आला. बावीस वर्षांनी पुन्हा तेच काम, फक्त हवा चांगली.

३० नोव्हेंबर, सोमवार

शिंपल्यातलं जेवण म्हणजे शिक्षा आहे. मी रस्त्यापलीकडे कावेरीच्या खानावळीत जातो. पडवीत चार टेबलं, मागे विहीर, विहिरीजवळ चूल. नवरा होडीसकट गेला त्याला नऊ वर्षं झाली; तेव्हापासून ती एकटी हे चालवते. तिला दुसरा आधार नाही आणि दुसरं काही येतही नाही, असं तीच हसत सांगते. मासा होडीवरून थेट तिच्या पाटीत येतो. मला ती 'भाऊ' म्हणते, नाव विचारण्याच्या भानगडीत पडलेली नाही. ताट संपत आलं की विचारल्याशिवाय भात वाढते आणि म्हणते, "खावा हो, पोटाक कसली लाज?"

बाईच्या हातचं माशाचं तिखलं खाऊन मला काल चक्क रडू आलं. वय झालं, दुसरं काय.

अडचण अशी की शिंपल्यात आता कुठे येऊ लागलेले पाहुणेही तिच्याकडेच जेवतात. शेटना ते खुपतं. त्यांनी मला तिच्याविरुद्ध 'एकदाच, थोडंसं' लिहायला सांगितलं आहे. बघू म्हणालो.

४ डिसेंबर, शुक्रवार

गावची जत्रा झाली. सकाळी राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, पाषाणापुढे गाऱ्हाणं घातलं गेलं. मी पहिल्यांदाच पाहिलं. नारळ ठेवून अप्पा गावकर उभे राहिले. सत्तरीचे असतील, पण आवाज खणखणीत. होड्या सुखरूप येऊ देत, पोरांना नोकऱ्या लागू देत, असं ते एकेक मागत गेले, आणि प्रत्येक मागणीला मागची सगळी माणसं एका सुरात म्हणत होती, "व्हय म्हाराजा!" अंगावर काटा आला.

नंतर अप्पांशी बोललो. त्यांनी सांगितलं की गाऱ्हाणं तोंडाला येईल तसं घालायचं नसतं. कुणाचं वाईट तर कधीच मागायचं नाही. एकाने म्हटलं तर राखणदार ऐकून सोडून देतो. चारचौघांनी होकार दिला की तो गावाचा शब्द होतो, आणि गावाचा शब्द तो खाली पडू देत नाही. होकार देणारे खरे की खोटे, हे तो पाहत नाही का, असं मी गमतीने विचारलं. अप्पा हसले नाहीत. "तो तोंडा बघणा नाय. होकार ऐकता."

६ डिसेंबर, रविवार

लिहिलं. शेट तीन दिवस मागे लागले होते आणि मला वाद घालायचा कंटाळा आला होता. कंटाळा हेच खरं कारण, दुसरं शोधून उपयोग नाही.

बेलसरे सरांच्या नावाने चार ओळी टाकल्या. कावेरीच्या खानावळीतली सुरमई शिळी होती, विहिरीच्या पाण्याला वास येतो, घरी जाईपर्यंत नातवाला उलट्या. माशाचं लोक एक वेळ मनावर घेणार नाहीत, पाण्याचं नक्की घेतात. मग उरलेल्या दहांचा होकार. जत्रा डोक्यात ताजी होती, त्यामुळे 'सहमत'ऐवजी प्रत्येकाकडून 'व्हय म्हाराजा' लिहवून घेतलं. मालवणी खुमारी म्हणून. तेव्हा मला ते फार छान सुचल्यासारखं वाटलं.

दुपारी कावेरीकडेच जेवलो. मला पाहून तिने तुकडी जास्त वाढली.

१० डिसेंबर, गुरुवार

कावेरीच्या विहिरीचं पाणी घाण झालं आहे.

मी स्वतः पोहरा ओढून पाहिलं. दिसायला पाणी नितळ, पण नाकाशी धरवत नाही. ती काठावर बसून होती. "काल सांजेक बरा होता. आज ह्या काय झाला?" शेजारची विहीर वीस पावलांवर आहे, तिचं पाणी गोड आहे. कावेरीने तिथून पाणी आणून स्वयंपाक केला. सुरमई माझ्यासमोर होडीवरून आली, कल्ले लालबुंद. ताटात पडेपर्यंत तिला वास मारायला लागला.

योगायोग. असं चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं.

१४ डिसेंबर, सोमवार

खानावळ रिकामी. दुपारी शिंपल्याचे एक ठाण्याचे गृहस्थ कुटुंबासह तिच्या फाटकाशी थांबले आणि परत फिरले. गेल्या डिसेंबरात ते तिथे चार दिवस जेवले होते, तिचं कौतुक मला त्यांनीच केलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, नेटवर वाचलं ना, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही जरा वास आलाच होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं आठवत होतं.

खोलीत येऊन बाराव्या नावाने लिहिलं की मासा ताजा आहे, पाणी उत्तम आहे, आधीचं मत चुकीचं होतं. तासाभरात त्याखाली बेलसरे सरांचं उत्तर आलं: 'हे गृहस्थ तिथे कधी जेवलेलेच नाहीत.' खाली दहा वेळा 'व्हय म्हाराजा'.

हे मी लिहिलं नाही. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. शेटना तर मराठी टाइप करता येत नाही.

१९ डिसेंबर, शनिवार

सगळी मतं पुसून टाकली. दुपारपर्यंत सगळी परत आली. आता त्याखाली खऱ्या माणसांचीही भर पडते आहे. नाशिकचे डॉक्टर, पनवेलचे नवरा-बायको. कुणालाच इथलं काही माहीत नाही, आणि सगळ्यांचा होकार आहे.

अप्पांना सांगायला हवं. उद्या सांगतो. सगळ्या गावापुढे, कावेरीपुढे तोंड दाखवायचं म्हणजे — उद्या.

शेट म्हणाले, तुमचे सर येतायत. चोवीस तारखेला, अकरा माणसं. मी मित्रांना जमवलंय असं त्यांना वाटतं, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

२४ डिसेंबर, गुरुवार

आले. भर दुपारी, टेम्पो ट्रॅव्हलरमधून, टोप्या आणि पिशव्या घेऊन. अगदी साधी माणसं. मी दिली होती तीच नावं, तीच गावं. बेलसरे सरांनी माझ्याकडे पाहून ओळखीचं हसून मान हलवली, चहा बिनसाखरेचा मागितला. मग शेटना सांगितलं की खाटेवर एक उशी जास्त ठेवा, गुडघ्याखाली लागते.

ते मी फक्त या वहीत लिहिलं होतं.

रजिस्टर पाहिलं. अकरा सह्या, अकरा वळणं. पण सगळ्यांतला 'र' एकच. खालची शेपटी गाठ मारल्यासारखी. त्यावरून बावीस वर्षं मुद्रितशोधक माझी थट्टा करत आले.

२६ डिसेंबर

व्हरांड्यात बसून असतात. सर काही म्हणतात — आज ऊन आहे, आज वारा नाही — आणि दहा जण होय म्हणतात. बाकीचे पाहुणे त्यांनाच विचारून ठरवतात — कुठे जायचं, काय खायचं. ताटं समोर भरलेली राहतात. पण जेवण छान होतं असं ते सांगतात, आणि ऐकणाऱ्यांना छान लागतं.

रस्त्यापलीकडे चूल बंद. कावेरीने टेबलं उलटी करून ठेवली आहेत.

२८ डिसेंबर

अप्पांना सांगितलं. सगळं. ते रागावले नाहीत. मग म्हणाले, ज्याने घातलं त्यानेच परत घ्यायचं, सगळ्यांसमोर, आपल्या खऱ्या नावाने. दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. "नाव लावल्याबिगर गाऱ्हाणा पोचणा नाय."

गुरुवारी सकाळी.

मग कावेरीकडे गेलो. तिलाही सांगितलं. "माझा काय चुकला होता, भाऊ?" तिने एवढंच विचारलं. तुझ्या हाताला चव होती, एवढंच चुकलं होतं. हे मी फक्त इथे लिहितो आहे. मला स्वतःची शिसारी आली.

तिने पेज वाढली. वास मारत होती. मी सगळी प्यायलो.

२९ डिसेंबर

संकेतस्थळावर नवीन — बेलसरे — 'शिंपल्यात कुणी लिहिणारे गृहस्थ राहतात असं ऐकलं होतं. आम्हाला असं कुणी आढळलं नाही.'

दहा होकार. संध्याकाळपर्यंत साठ.

३० डिसेंबर

शेटनी मला विचारलं, खोली हवी आहे का? किती दिवसांसाठी? — चेष्टा नव्हती. पाहुण्यांशी बोलतात तसे अदबीने —

ठाण्याचे गृहस्थ माझ्या खुर्चीवर बसायला आले, मी तिथे बसलेला असताना —

कावेरीला दिसतो. अप्पांना दिसतो. ते नेट वाचत नाहीत.

उद्या सकाळपर्यंत एवढं पुरे आहे.

३१ डिसेंबर, सकाळ

पाषाणापुढे. सगळे आलेत. वीसेक माणसं, कावेरी पुढे. नारळ ठेवला. अप्पांनी सांगितलं, आता बोल, मी अमुक अमुक —

तोंड उघडलं. नाव आलं नाही.

त्यांनी दोनदा विचारलं. बोलता येत नसेल तर लिही म्हणाले, म्हणून खाली बसून हे —

सुरूच्या बनाच्या कडेला ते अकरा उभे आहेत. टोप्या घालून. काही करत नाहीत. वाट बघतायत.

पत्रं आठवतात. एक त्रस्त नागरिक. एका सैनिकाची आई. सगळी आठवतात — एक सोडून —

कावेरी शेजारी येऊन बसली. म्हणते, "भिया नको. नाव तेवढा सांग. मगे आमी सगळी व्हय म्हणतव."

वहीत आहे. पहिल्याच पानावर घातलं होतं, ठसठशीत. उलटून पाहिलं — माझंच अक्षर — गाठीचा 'र' —

वसंत बेलसरे, सांगली.

विहीर चांगली आहे. मासा ताजा असतो. या बाईने कुणाला कधी शिळं वाढलं नाही. हे मी सांगतो. मी, पुण्याचा, मी —