सगळ्यांना आवडलेली खरखर

रविवार संध्याकाळ, लालबाग

काल लिहिलं की माझा दुसरा अल्बम ऐकून बाबा काहीच बोलले नाहीत. ते खरं नाही. शेवटचं गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं होतं, "बाय गो, तुझो गळो कधीपासून बसलो?"

"मुद्दाम तसा लावलाय, बाबा."

"मग एकदा साफ लावून दाखव."

त्यांनी पेटीवर वरचा सा धरला. याच पेटीवर त्यांनी मला गायला शिकवलं. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले.

परीक्षणं सगळी त्या खरखरीवरच खूश. आवाज म्हणे परिपक्व झाला. गिटारवाला निनाद म्हणतो, "बरी होऊ नकोस हां, तेच तर लोकांना आवडतंय." मीही हसले. पण ती खरखर मी मुद्दाम आणलेली नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी आपोआप आली, अजून गेली नाही.

आज घरी कोणी नसताना तो सा लावून पाहिला. नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले गाणं बंद, तर? आणि खरखर गेली, मग मी कोणालाच नको झाले तर? पहिली भीती मोठी, हे लिहिता लिहिता कळतंय.

शनिवारी दादरला कार्यक्रम आहे. त्याआधी परळच्या घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. मंगळवारी सकाळी.