खिडकीखालचा हीट पंप

२७ ऑगस्ट
पोहोचले बाई एकदाची लेकीकडे! थंडर बे शहर येईपर्यंत बसमधल्या शेजारणीनं स्वतःच्या गुडघ्यांची कहाणी ऐकवली, पण माझा आनंद काही उणा झाला नाही. रायलीचं नवं घर ऐसपैस आहे आणि परसात चक्क पोहायचा तलाव! मला मागची खोली मिळालीय, खिडकीतून थेट पाणी दिसतं. नात टुली माझ्याच खोलीत झोपणार. तिनं मला पिशवीसकट ओढत काठावर नेलं आणि पाण्यात बोट बुडवायला लावलं. बर्फच! म्हणाली, आजी, माझ्या वाढदिवसापर्यंत हे गरम होणार, बाबांनी कबूल केलंय. वाढदिवस ऑक्टोबरात. मी म्हटलं, बाबांना म्हणावं आधी सूर्याशी बोलून घ्या.

३० ऑगस्ट
जेवायला माशाचं सूप आणि तोंडी लावायला तलावाच्या हीटरची भांडणं. रायलीला गॅसचा हवाय. कितीही गारठा पडो, आग ती आगच. छपरावरच्या सौर नळ्या बाद, कारण शरदात इथलं ऊन पाहुण्यासारखं येतं नि कॉफी न घेता जातं. जावई ड्वेन हीट पंपावर अडलाय, त्याला वीज कमी लागते म्हणे. मी गॅसच्या बाजूनं बोलले तर म्हणाला, सासूबाई, तुम्ही चुलीपुढे शेकत जन्म काढलात, तुम्हाला आगच दिसणार. रायली हसली नाही. मी हसले. जावयाचा टोमणा आणि जास्तीचं मीठ, दोन्ही पाण्याबरोबर गिळावं.

६ सप्टेंबर
हीट पंप बसला! बसवणारा सांगून गेला की या यंत्राची स्वतःची ऊब नसते, भोवतालच्या हवेतली ओढून ते पाण्यात घालतं. म्हणून चारी बाजूंनी मोकळं ठेवा, आणि हवेत ऊब उरली नाही की बंद करा. पण ड्वेननं ते दिसू नये म्हणून माझ्या खिडकीखाली, भिंतीला खेटूनच बसवून घेतलं.
सप्टेंबरातल्या कामगार दिनाची सुट्टी संपली की इथं सगळेच तलाव झाकतात. कुंपणापलीकडची ओडेट, तोंडाची तिखट, आपला तलाव झाकता झाकता ओरडली की झाका मुकाट्यानं. थंडीतली हवा भिकारी असते, तिच्याकडून ओढायला गेलात तर ती तुमच्याच घरातून चोरून आणून देईल. ड्वेन म्हणाला, म्हातारीच्या पोटात दुखतंय.

२४ सप्टेंबर
गवतावर दव गोठलं. आमचं पाणी मात्र वाफाळतंय आणि टुली त्यात मासोळीसारखी. पण माझी खोली! भिंतीला हात लावला तर कातडी चिकटली. वेलदोड्याच्या पावाचं पीठ फुगेचना, उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. ओव्हन पेटलेला आणि स्वयंपाकघर गार. ड्वेन म्हणतो, वय झालं की सगळंच गार लागतं. मग टुलीचे ओठ निळे का?

१ ऑक्टोबर
टुली पाण्याबाहेर आली की लाकूड होते. फाटकापर्यंत नेलं तरी श्वास अडकतो. डॉक्टर येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. परत पाण्यात सोडली की गाल लाल. आता ती बाहेर यायलाच तयार नाही.
आज ड्वेननं स्वतः यंत्राची वायर उपटली. पंखा फिरतच राहिला. तो वायर हातात धरून उभा. ओडेट कुंपणावरून म्हणाली, निघा इथून, तुम्ही संपलात की ते माझ्याकडे वळेल. खिडक्या लावून घेतल्या तिनं.

३ ऑक्टोबर
कळलं. पाय घसरून मी त्या यंत्रावर पडले — तेवढा वेळ टुली काठावर बसली. बाहेर. गुलाबी. मी उठले नि ती पुन्हा —
जे जवळ असेल त्याची ऊब ओढून पाण्यात घालतं. अगदी चिकटलेलं असलं तर दुसऱ्याला सोडतं.
रायलीला सांगितलं. रडली. ड्वेन म्हणाला, यंत्राला मी टेकतो. म्हटलं, मग पोरीला कोण सांभाळेल, गाडी कोण हाकेल, मी? मी टेकते, तुम्ही तिला घेऊन लांब निघा.

४ ऑक्टोबर, दुपार
टेकलेय. पाठ जाणवत नाही आता. वही गुडघ्यावर. लिहीत राहिलं की डोळे मिटत नाहीत —
रायली गाडीत. ड्वेननं पोरीला बाहेर काढलं. चालतेय! आपल्या पायांनी —
गाल लाल —
बोटं. पेन —
थांबली. का थांबली? मागे बघतेय. आजीला गार लागतंय म्हणते, टॉवेल घेऊन — ड्वेन, धर तिला — आवाज निघत नाही —
सुटली त्याच्या हातून. धावतेय. नको गं. इकडे नको. बाळ, हात लावू न