धाकटीच्या फेऱ्यांबाबत अर्ज

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
खेळातील प्राणी विभाग,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : सर्कशीतील वाघीण उर्फ धाकटी हिने हल्ला केला नसून निरोप पोचवला, तरी तिला दूरच्या प्राणी संगोपन केंद्रात न हलवणेबाबत.

संदर्भ : आपला चौकशी अहवाल व आदेश, जो आमच्या राहत्या गाडीच्या दारावर उलटा चिकटवण्यात आला.

महोदय,

मी सर्कशीच्या तिकीट खिडकीवर बसते. वाघिणीला खेळ शिकवणारे गृहस्थ माझे पती असून या अर्जात यापुढे त्यांचा उल्लेख 'हे' असा केला आहे. आपला अहवाल मी मान वाकडी करून शेवटपर्यंत वाचला. वाघिणीने 'प्रशिक्षकास जखमी करून, रिंगणातून पळ काढून, तिकीट खिडकीवर चाल केली व दहशतीने फेऱ्या मारल्या', असे त्यात म्हटले आहे. फेऱ्या झाल्या हे मान्य. बाकीच्या शब्दांबद्दल हा अर्ज आहे. खरे कारण सांगायचे तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडावी लागते, पण आपला आदेश दारावरच लावलेला असल्याने आता लपवण्यासारखे फार काही उरलेले नाही.

१. घटनेच्या वेळी माझा व यांचा अबोला चालू होता. कारण असे की, त्याआधीच्या एका खेळात यांनी माइकवरून जाहीर केले, "मंडळी, या वाघिणीला मी घाबरत नाही. मी जिला घाबरतो ती बाहेर तिकीट खिडकीत बसलीय." लोक हसले, इथवर ठीक. परंतु खेळ सुटल्यावर अर्धा तंबू मला बघायला खिडकीसमोर जमला. एका बाईंनी कडेवरचे मूल उंच करून मला दाखवले. ते मूल म्हणाले, "ही कधी ओरडणार?" घरी आल्यावर मी यांना एवढेच म्हटले की उद्यापासून मलाही आत पिंजऱ्यातच बसवा, वेगळी खिडकी हवी कशाला. त्यावर हे म्हणाले, "अगं, पण टाळ्या केवढ्या पडल्या." तेव्हापासून आमचे बोलणे बंद झाले.

२. आमच्याकडे अबोला ही नवी बाब नाही व तो नेहमी शिस्तीत पाळला जातो. कामाचे बोलणे अडू नये म्हणून मध्यस्थ असतो. पूर्वी हे काम आमची थोरली मुलगी बघत असे. "सांग गं बाबांना, पान वाढलंय." "सांग आईला, भूक नाही." "सांग बाबांना, मग दुपारी डबा कुणी चाटूनपुसून खाल्ला." मुलगी दोघांच्या मध्ये बसून अभ्यास करी आणि वहीतून डोके वर न काढता "सांगितलं" म्हणे. तिचे लग्न झाले आणि ते पद रिक्त झाले. काही काळ तिने फोनवरून काम सांभाळले, पण एकदा तिच्या सासूबाईंनीच फोन उचलला आणि यांनी सवयीने "सांग तिला, माझे मोजे कुठायत" असे म्हटल्यामुळे ती व्यवस्था बंद पडली.

३. त्यानंतर कार्यभार साहजिकच धाकटीकडे आला. थोरली शाळेत जायची तेव्हा ही कुशीत मावेल एवढी होती, बाटलीने दूध प्यायची, म्हणून ती धाकटी. तिचा पिंजरा आमच्या गाडीला लागून आहे. दिवसाचे काम आटोपले की मी अलीकडे भाजी निवडत बसते, पलीकडे हे पट्टे-बक्कल दुरुस्त करत बसतात, मध्ये धाकटी. "सांग त्यांना" म्हटले की ती उठते, पलीकडे जाते, यांच्या समोर बसते आणि एक लांब सुस्कारा सोडते. उत्तर मिळाले की अलीकडे येते. आता, गजांमधून आम्हा दोघांना सगळे थेट ऐकू येतेच, हे मला कळते. परंतु धाकटी येऊन बसेपर्यंत निरोप मिळाला असे आम्ही धरत नाही. तिनेही या कामात कधी टाळाटाळ केली नाही, अर्धवट झोपेतून उठून गेली आहे. मुलगी तरी कधी कधी "तुमचं तुम्हीच बोला" म्हणायची.

४. आता प्रत्यक्ष घटना. 'झोपलेला राजा' या खेळात हे उताणे पडतात आणि धाकटी यांच्या छातीवर पंजा ठेवते. बोलणे बंद असल्याने यांच्या लाल कोटाचे तुटलेले बटण मी लावले नव्हते. यांनी तिथे सेफ्टी पिन लावली होती. पंजा पडताच पिन उघडली आणि टोचली. अहवालातील 'छातीवरील नखाचा ओरखडा' तो हाच. पिन सोबत जोडली आहे. नख जोडता आले नाही, पण पशुवैद्यांनी ते बघितले आहे, वयामुळे त्याला धार राहिलेली नाही.

५. पिन टोचल्यावर कोणीही काही म्हणेल. हे म्हणाले, "सांग तिला, बटणाच्या जागी पिन लावून फिरतोय मी." हे वाक्य गळ्यातल्या माइकमधून सगळ्या तंबूत आणि खिडकीवरच्या कर्ण्यातून मलाही ऐकू आले. रिंगणात पूर्वी असे कधी घडले नव्हते, यांचा तोल गेला एवढेच. धाकटीने मात्र हुकूम तो हुकूम मानला. पंजा काढला आणि ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. फाटकवाल्याने फाटक का उघडले, असा प्रश्न आपण अहवालात विचारला आहे. मीही विचारला. तो म्हणाला, "वहिनी, तिचा चेहराच असा होता, वाटलं काहीतरी काम असेल." त्याच्यावर कारवाई होऊ नये. काम होतेच.

६. धाकटी प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने चालत बाहेर आली. पुढच्या खेळाची रांग लागली होती, ती रांगेत शेवटी उभी राहिली. तिने रांग मोडली हा आरोप खोटा आहे. तिच्या पुढच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले आणि आपण होऊन आपली जागा तिला दिली. मग सगळ्यांनीच दिली. खिडकीशी येऊन ती बसली आणि सुस्कारा सोडला. खाऊच्या टपरीवाल्याचा पाय मुरगळला तो टपरीवर चढताना नव्हे, टपरीवरून उतरताना, म्हणजे धाकटी परत गेल्यानंतर.

७. परत ती गेली, कारण मी उत्तर दिले. तेव्हा मी खिडकी बंद करून आरडाओरडा करायला हवा होता, असे सर्कशीचे मालक म्हणतात. पण निरोप आला की उत्तर द्यायचे ही रीत अंगात मुरलेली. मी म्हटले, "सांग त्यांना, ज्यांना घाबरता त्यांच्याकडून बटणं लावून घेऊ नयेत." हे बोलताना माझा आवाज चढला होता. अहवालात 'बाहेरून डरकाळी ऐकू आली' असे जे नोंदवले आहे त्याबद्दल चौकशी लांबू नये म्हणून मी स्वतःहून सांगते, ती धाकटीची नव्हती.

८. धाकटी रिकाम्या तंबूत यांच्याकडे पोचली. यांनी उत्तर दिले. तोवर मालकांनी माइकची वायर उपटली होती, म्हणून ते उत्तर मला ऐकू आले नाही. धाकटी ते घेऊन निघाली आणि खिडकीपासून चार पावलांवर असताना अग्निशमनवाल्यांनी तिच्यावर जाळे टाकले. मी खिडकीत होते तिथून मला तिचा चेहरा दिसत होता. ती चिडलेली नव्हती. टपाल हातात असताना फाटकावर अडवलेल्या पोस्टमनसारखी ती बघत होती.

तेव्हापासून धाकटी आवाराच्या टोकाला कुलपात आहे आणि आम्हा दोघांनाही तिच्याजवळ जायला मनाई आहे. ती सतत पिंजऱ्याच्या एका बाजूला येऊन बसते, सुस्कारा सोडते व थांबते, हे 'आक्रमकतेचे लक्षण' असल्याचे आपल्या आदेशात लिहिले आहे. महोदय, ती बाजू तिकीट खिडकीकडची आहे. पशुवैद्य सांगतात की ती खात नाही, कान टवकारून कोणाची तरी वाट बघते. केंद्रात जागा मोठी आहे, झाडे आहेत, तळे आहे, हे सगळे मी वाचले. पण त्या तळ्याच्या काठी तिला कामाचे कोण सांगणार? म्हातारपणी नुसते बसवून ठेवले की माणूससुद्धा खचते.

इकडे आमच्या गाडीत मध्यस्थ नाही. हे एका टोकाला बसतात, मी दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेकडे दोघेही बघतो. हे एकदा "सांग..." म्हणाले आणि परत बक्कल ठोकायला लागले.

सबब विनंती अशी की, अहवालातील 'हल्ला' हा शब्द खोडून तिथे 'निरोप' असा वाचावा. धाकटीला केंद्रात न पाठवता आमच्या गाडीशेजारच्या तिच्या पिंजऱ्यात परत आणावे. खेळातून तिला निवृत्त करण्यास आम्ही तयार आहोत, मालकांनीही पिंजरा व जागा देण्याचे कबूल केले आहे. फाटकाला दोन कुलपे बसवू. भांडण पुन्हा होणार नाही अशी हमी मात्र कृपया मागू नये, ती खोटी ठरेल आणि मग आपल्याला पुन्हा अहवाल लिहावा लागेल. रिंगणात निरोप सांगणार नाही, एवढे लिहून देते.

आदेशानुसार प्रशिक्षकाचे म्हणणे त्यांच्याच अक्षरात लागते. त्यासाठी खाली जागा सोडली आहे. हा कागद टेबलावर ठेवून मी बाहेर पाणी भरायला जात आहे, म्हणजे कोणी कोणाला काही सांगावे लागणार नाही.

उद्याच्या सुनावणीस वेळेआधी हजर राहणारी,
आपली नम्र,
(सही)
तिकीट खिडकी

दिनांक : सुनावणीचा आदला दिवस

सोबत : १) सेफ्टी पिन, वाकलेली. २) थोरल्या मुलीचे लेखी म्हणणे, की लहानपणापासून हे काम तिनेही केले असून त्यात कोणालाही इजा झाली नाही. ३) रांगेतल्या गृहस्थांचा जबाब, की जागा त्यांनी राजीखुशीने दिली.

प्रशिक्षकाचे म्हणणे :

वरचा मजकूर वाचला. खरा आहे. तंबूतला तो विनोद पुन्हा करणार नाही, टाळ्या पडल्या तरी. बटण मी स्वतः लावले, ते दुसऱ्याच भोकासमोर लागले आहे.

राहिलेला निरोप काय होता ते मी इथे लिहू शकलो असतो, हिने जागा पुष्कळ सोडली आहे. पण तो मी धाकटीला सांगितला आहे. इतके दिवस ती तो सांभाळून बसली आहे. तिला डावलून तो कागदावर दिला तर तिला वाईट वाटेल. तरी साहेबांनी तिला सोडावे. चार पावलेच राहिली आहेत, बाकीचे ती करेल.

(सही)