डाव्या पायाची तक्रार

९ जून
टाके निघाले. पुण्याहून वारूळवाडीला पोचायला दुपार झाली. गाडीतून उतरताना डावा पाय खाली टेकवायला गेले. गुडघ्याखाली काही नाही हे अंगाला अजून ठाऊक नाही. ह्यांनी धरलं म्हणून पडले नाही. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि आत गेल्या. सूनबाई अशी घरी येईल असं कुठल्या सासूला वाटलं असेल.
मी रडले नाही. भूक लागली होती, जेवले.

११ जून
लिहून ठेवते, नाहीतर दिवसांची सरमिसळ होईल.
आळेफाट्याच्या आमच्या खानावळीत सतरा वर्षं शेगडीपुढं उभी. डाव्या पोटरीच्या नसा दोरीसारख्या फुगल्या. तिथल्याच दवाखान्यातले डॉ. म्हणाले, साधं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. १३ मेला सकाळी केलं. दुपारी पाऊल गार, पांढरंफटक. चिमटा काढला तरी कळेना. छाया सिस्टर, येडगावची पोरगी, तिनं हात लावून बघितला आणि डॉ.ना फोन केला. ते लग्नाला नाशिकला निघाले होते. निरोप आला, भूल उतरायची आहे, पट्टी सैल करा.
दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर बोटं काळी. मग म्हणे पुण्याला न्या.
पुण्याच्या डॉ.नी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, फुगलेली नस सोडून पायाला रक्त नेणारी मोठी नस बांधली गेलीय. त्याच दिवशी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता.

१९ जून
कुबड्या घेऊन दवाखान्यात. हे सोबत. ऑपरेशनचे सगळे कागद मागितले. काउंटरवरची बाई म्हणाली, "साहेब नाहीत, उद्या या." मी अर्ज पुढं केला. म्हटलं, पोच द्या. तिनं आत फोन केला. अर्धा तास बाकावर बसवलं. मग शिक्का मारला.
परत येताना हे म्हणाले, "तू जुन्नरच्या वकीलबाईंकडं जाणारच ना?"
जाणार.

२३ जून
कागद मिळाले. वकीलबाईंच्या टेबलावर एकेक पान उलटलं. चौदा नंबरनंतर एकदम सोळा. पंधरावं नाही. ते सिस्टरांच्या नोंदीचं पान.
आणि पहिल्या पानावर, 'मधुमेह आहे. तंबाखूची सवय आहे.' हे कुणी कधी लिहिलं? मला शुगर नाही. पुण्यात दोनदा तपासली.
वकीलबाईंनी विचारलं, "तंबाखूचं काय?"
मी म्हटलं, मिश्री लावत होते. बारा-तेरा वर्षं. धाकटीच्या वेळी सोडली, तिला आता सहावं लागलंय.
त्या पेन खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. "हे ते धरून बसतील."
धरू देत. खोटं लिहिणार नाही. खोटं लिहिलं तर त्यांच्यात नि माझ्यात फरक काय.

२ जुलै
नानाभाऊ आले. ह्यांचे चुलतभाऊ, गावात मान आहे. चहा घेतला, मग विषय काढला.
"मंगल, त्यो डॉक्टर देवमाणूस हाय. आत्याबाईंचं पोटाचं ऑपरेशन निम्म्या पैशात केलं व्हतं, इसरली का? त्यांचं म्हणणं हाय, पायाचा खर्च देऊ, वर थोडं देऊ. एका कागदावर सही कर, मिटलं."
"कागदावर काय लिवलंय?"
"हेच, की दवाखान्याची काय चूक न्हाई."
आत्याबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील कर सही. त्या म्हणाल्या, "माझं पोट त्यानं नीट केलं, त्याचं नाव मी घेतेच. पण त्यापायी हिचा पाय न्हाई घ्यायचा, नाना."
नानाभाऊ शेंगा न घेताच गेले.

१४ जुलै
छाया सिस्टरला येडगावला भेटले. घरी जाऊन. तिच्या आईनं धरणातले मासे तळलेले, आग्रह करून वाढले. छाया मान वर करेना.
"ताई, मी नोंद लिवली व्हती. पाय गार, नाडी लागत नाय, सरांना कळवलं, चार वाजून धा मिनिटं. तीनदा फोन केला. पण माझी नोकरी..."
मी तिला म्हटलं, तुझ्यावर जोर नाही. तू पाय धरून बसली होतीस, ते मी विसरलेली नाही.
उठताना ती म्हणाली, पानाचा फोटो मोबाइलमध्ये आहे. आपल्यावर येईल म्हणून काढून ठेवला होता. देईन का, ते सांगता येत नाही.
मी मागितला नाही. रिक्षात मात्र स्वतःचा राग आला. मागायला हवा होता का?

५ ऑगस्ट
तक्रार दाखल. पुण्याच्या ग्राहक आयोगात. वकीलबाई म्हणाल्या, नुकसानभरपाईचा आकडा कमी धरू नका, आयुष्यभर नकली पाय बदलत राहावा लागेल. मी म्हटलं, आकडा तुम्ही धरा. मला एक ओळ पाहिजे, की हे शुगरनं झालं नाही, माझ्या चुकीनं झालं नाही.
त्या म्हणाल्या, ती ओळ आकड्यातच असते.

२८ सप्टेंबर
त्यांचं उत्तर आलं. अठरा पानं. मधुमेह, तंबाखू, 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत', 'रुग्णाला पुण्याला नेण्यास नातेवाइकांनी उशीर केला.' हे शेवटचं वाचून ह्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि गोठ्यात जाऊन म्हशीला पाणी पाजत बसले. तिला तहान नव्हती.
त्या दिवशी हे दर तासाला काउंटरवर जाऊन विचारत होते. हे ह्यांनीच स्वतःच्या शपथपत्रात सांगायचं, असं ठरवलं.

१७ ऑक्टोबर
नकली पाय बसवला. ठणकतो. मुद्दाम आळेफाट्याला गेले. जाऊबाई खानावळ सांभाळतात, त्यांनी खुर्ची दिली. म्हटलं, उभ्यानं करते. बावीस चपात्या लाटल्या. गॅरेजमधले दोघं जेवायला आले, पहिले पायाकडं बघत होते, मग म्हणाले, "मावशी, पिठलं वाढा." बरं वाटलं.

३ डिसेंबर
छायाचा फोन. दवाखाना सोडला, मंचरला दुसरीकडं लागली.
"ताई, फोटो पाठवलाय. आयोगापुढं बोलायला बी येते."
पान पंधरा. तिचं अक्षर, वेळ, सही. चार वाजून दहा. मी कितीदा वाचलं. पाय गार, नाडी लागत नाय, असं कुणीतरी त्याच वेळी लिहिलं होतं. माझं म्हणणं एकटीचं नव्हतं.

२० जानेवारी
माझं शपथपत्र झालं. मिश्रीचं सगळं लिहिलं, किती वर्षं, कधी सोडली. वकीलबाई कुरकुरल्या. पण मी सही केली.

१२ मार्च
तारीख. छायाची उलटतपासणी. त्यांच्या वकिलानं तिला विचारलं, नोकरी सोडावी लागली याचा राग आहे का. ती म्हणाली, "राग न्हाई सर. मी फोन केला व्हता, एवढंच सांगायला आले." पहिल्यांदा तिचा आवाज मोठा ऐकला. फोटो खरा की बनावट यावर वाद चालला. ऑपरेशनबद्दल सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांचं मत मागवलं आहे, ते अजून यायचंय.
बाहेर बाकावर मी टेकले. डॉ. पाण्याच्या नळाशी उभे होते, एकटेच. म्हातारे वाटले. जवळ आले.
"मंगलताई, चालता येतं का?"
"येतं. थोडं."
मग हळू म्हणाले, "मी त्या दुपारी माघारी फिरायला पाहिजे होतं."
दहा महिने हेच ऐकायचं होतं. म्हटलं, "डॉक्टर, हे आत सांगा."
त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं. आम्ही आत गेलो. ते पुढच्या रांगेत, मी मागं. त्यांच्या वकिलानं पुढची तारीख मागितली. डॉ. खुर्चीतून अर्धे उठले, वकिलानं दंडाला हात लावला, आणि ते परत खाली बसले.