बाटलीतली पालवी

प्रिय ताई,

उद्या दुपारी तू सभेत उभी राहून आपल्या कुंपणावरच्या वेलीला पालवी फुटल्याच्या आणि फुलपाखरं आल्याच्या तारखा वाचणार. काल फोनवर म्हणालीस, "चिमे, तुझी वही म्हणजे सोनं! हवा तापली तरी आपल्याकडे पालवी आणि फुलपाखरं अजून बरोबरच येतात, हेच सांगणार आहे." मी नुसतं "हो" म्हटलं.

ताई, ते खरं नाही. सलग तीन वर्षं हिवाळा सरायच्या आत ऊन तापलं. फुलपाखरं लवकर बाहेर पडली आणि उघड्या काड्यांवर अंडी घालून गेली. अळ्या निघाल्या, पण खायला एक पान नव्हतं. पहिल्या खेपेच्या तशाच वाळून गेल्या. तू बजावलं होतंस, नुसतं बघायचं आणि लिहायचं, हात लावायचा नाही. मला बघवलं नाही गं. पुढची अंडी दिसताच काड्या कापून पाण्याच्या बाटलीत घातल्या, बाटली गॅसशेजारी ठेवली. फुटलेली कोवळी पानं अळ्यांना भरवली आणि वहीत तिन्ही वर्षं वेलीच्या पालवीची म्हणून बाटलीतलीच तारीख लिहिली. तीही शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या अक्षरात!

वेलीवरची खरी पालवी दरवर्षी त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी आली. त्या तारखा मी कॅलेंडरांच्या पाठीवर लिहून ठेवल्यात.

हे पत्र उद्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून टाकत नाही. तुझं "बोल गं" ऐकलं की मला रडू फुटेल, म्हणून आधी लिहून काढलं. तिन्ही कॅलेंडरं मांडीवर आहेत. आता फोन लावते.

तुझीच,
चिमी