बायोडेटात हे लिही

लाइपझिग,
१२ नोव्हेंबर

आईला निकिताचा वाकून नमस्कार,

फोनवर तू रडायला लागलीस की माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून पत्र लिहिते.

मी बरी आहे. नर्सची नोकरी सोडलेली नाही. रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी इथल्या एका हॉलमध्ये जुनी जर्मन गाणी गातो, साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथल्या रेडिओवर लागायची ती. सुनीलदादा म्हणतो तसा तो बार नाही. म्हातारी माणसं घरून केक घेऊन येतात आणि आमच्याबरोबर गातात.

पहिल्या कार्यक्रमाला आमची गाणी बसवणाऱ्या इंग्रिडबाईंनी मला सोनेरी केसांचा टोप दिला. काळी वेणी त्या काळातली वाटत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, गाईन तर वेणीतच, नाहीतर ही चालले घरी. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला बघून तोंड फिरवलं. दुसऱ्या कडव्याला तेच सगळ्यात मोठ्यानं गात होते!

थंडीनं घसा बसतो कधीकधी, पण तू दिलेला ओवा अजून आहे. तुझा गुडघा कसा आहे? नाना गोळ्या वेळेवर घेतात ना?

दादानं पाठवलेला माझा बायोडेटा वाचला. 'आवड : भजन' हे कुणी घातलं गं? ते खोड आणि लिही, 'मुलगी जर्मनीत स्टेजवर गाते.' फोटोही वेणीतला, हातात माईक असलेलाच लाव. ज्या पाहुण्यांना चालणार नाही, त्यांना पोटभर पोहे खाऊ घाल आणि दादाला म्हणावं, कोल्हारच्या स्टँडवर सोडून ये.

तुझी हट्टी,
निकिता