नागूबाईचा आवाज, बेचाळीस फाइली

५ जानेवारी, ईट
नागूबाईला जाऊन दोन महिने झाले. घरात बोलायला माणूस न्हाय, म्हणून आजपासून रोज लिहिणार. आजारपणात तिचं बेचाळीस वेळचं बोलणं मी मोबाईलच्या 'मायाघर' ॲपात भरून ठेवलंय. बहुतेक मलाच शिव्या आहेत, पण आवाज खणखणीत. वर्षश्राद्धाला सगळ्यांना ऐकवणार. ठरलं.

१९ जानेवारी
(मधले दिवस थंडी होती.) नात प्रतीक्षा धाराशिवहून आली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. म्हणाली, आबा, हे ॲप आत काय करतं ते कंपनीशिवाय कुणाला दिसत न्हाय. ओपन सोर्सवालं घ्या, त्याचं काम कुणीबी तपासून बघतं, अन् आवाज आपल्याच मेमरी कार्डात राहतो. पंधरा मिनिटांचं काम. मी म्हणालो, मायाघर रोज सकाळी विचारतं, 'धुळाप्पाजी, चहा झाला का?' तू कधी विचारतीस? जिंकलो.

२ फेब्रुवारी, सकाळी ९
ओळख ना पाळख, गुडघ्याचं तेल विकणाऱ्या बाईचा फोन. नागूबाईंचे गुडघे कसे आहेत म्हणाली. प्रतीक्षा म्हणते, आजीचं बोलणं ॲपनं ऐकून विकलं. मला तर बाई मायाळू वाटली. सांगितलं, आता दुखत न्हाईत. तरी दोन बाटल्या मागवल्या. एवढं विचारणाऱ्याचं मन कसं मोडायचं?

१८ मार्च
प्रतीक्षाचा फोन. म्हणाली, आबा, चाळीस वर्षं खव्याची भट्टी चालवलीत, येईल त्या गिऱ्हाइकाला कढईत डोकावू दिलंत. झाकल्या कढईतला खवा तुम्ही घेतला असता का? मी म्हणालो, खव्यात भेसळ होते, आवाजात काय होणार? लई हुशारीनं बोललो. मग भाकरी तशीच झाकून ठेवली. रविवारी सगळं काढून घेणार. नक्की.

२३ मार्च, रविवार
काढलं न्हाय. एक ऐकायला बसलो, बेचाळीसही ऐकल्या.

३० मार्च
पाडवा. सणाला मशीनचं काम नको.

१२ जून
मायाघरचा मेसेज: ३० तारखेला सेवा बंद, आठवणी उतरवून घ्या. बघा, भली माणसं! आधी सांगितलं. एकट्यानं बेचाळीसही फाइली कार्डात उतरवल्या. प्रतीक्षाला कळवलं, म्हातारा अजून चालू आहे. ती म्हणाली, एकदा उघडून तर बघा. मी म्हणालो, आवाज काय उडून जातोय?

१ जुलै
चहाचं कुणी विचारलं न्हाय. फाइल दाबली की ॲप उघडतं, ॲप म्हणतं सेवा बंद.

६ जुलै
प्रतीक्षानं कार्ड धाराशिवला नेऊन कॉलेजच्या मास्तरांना दाखवलं. फाइली आहेत, पण उघडायच्या कशा ते त्या कंपनीलाच ठाऊक, अन् कंपनीचा फोन लागत न्हाय. मला वाटलं होतं पोरगी चिडंल. चिडली न्हाय. उंबऱ्यात बसून रडली. मी म्हणालो, होईल काहीतरी.

२५ ऑक्टोबर
वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. आवाज कुठं आहे, कुणी विचारलं न्हाय. प्रतीक्षानं आधीच सांगून ठेवलं असावं. महिनाभर बसून नागूबाईचं बोलणं आठवंल तसं वहीत उतरवलं होतं. बेचाळीस फाइलींतल्या एकोणचाळीस जमल्या. शब्द न् शब्द तिचाच. पोरीला वाचायला दिली. वाचून म्हणाली, आबा, ह्यात आजी कुठंय? हे तर तुम्हीच बोलताय.

वाचून बघितलं. खरं आहे.